घडीची विजेरी व्हीलचेअर : सौदा करण्यापूर्वीचा हिशेब

दुकान मालकाच्या नजरेवर चालते, हे बाजारात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. माल कुणाकडून उचलायचा, उधारी कुणाला द्यायची, कोणत्या गिऱ्हाइकाला दोन रुपये सोडायचे आणि कुणाला एक पैसाही नाही, हे गल्ल्यावर बसणाराच ठरवतो. म्हणून मालकाचे पाय निकामी झाले की फटका त्याच्या शरीरापुरता राहत नाही, तो पेढीलाही बसतो. ‘अब्बा, तुम्ही घरी आराम करा, आम्ही बघतो,’ असे मुले मायेने म्हणतात. पहिले दोन महिने हिशेब रोज रात्री घरी येतो. मग आठवड्याने येतो. मग विचारल्यावर येतो. वर्षभरात जुना घाऊक व्यापारीही मुलाशीच बोलू लागतो. माणसाची अक्कल शाबूत असते, ओळखी शाबूत असतात. पण धंद्यातून तो उठलेला असतो.

कारागिराचे याहून कठीण. त्याचे हात चांगले असतात, हुन्नर हातातच असते. पण ते हात कारखान्यापर्यंत नेणारे पाय साथ देत नाहीत. घरपोच मिळेल ते आणि मिळेल त्या दराने काम घ्यावे लागते. चार कारखाने फिरून दर ठरवण्याची ताकद त्याच्याकडे उरत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत हालचालीचे अपंगत्व असलेले ५४ लाखांहून अधिक होते. सर्व प्रकारचे अपंगत्व धरता महाराष्ट्राचा आकडा २९ लाखांच्या वर होता. वन्य विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. परंतु लहानपणी पोलिओ झालेली पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. शिलाई, घड्याळ दुरुस्ती, जरीकाम अशा बसून करायच्या धंद्यांत यातले कितीतरी लोक आहेत. तरुणपणी कुबड्यांवर किंवा हाताने ढकलायच्या खुर्चीवर निभावले. आता खांदे आणि मनगटे थकली. त्यांच्या जोडीला मधुमेहाने पाय गमावलेले, लकव्याचे, अपघातातले आणि गुडघे संपलेले वयस्कर व्यापारी आहेत.

अशा लोकांसाठी घडी घालता येणारी, बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर आता मोठ्या शहरांतल्या वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत सहज मिळते. किंमत लहान नाही. त्यामुळे यंत्र, गाडी किंवा शिलाई मशीन घेताना आपण जसा कसून विचार करतो, तसाच येथेही करावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

ही वस्तू आली कोठून?

घडीची खुर्ची दोन मित्रांच्या गरजेतून आली. हर्बर्ट एव्हरेस्ट हे अमेरिकेतले खाण अभियंते. अपघातात पाठीचा कणा मोडल्याने त्यांचे पाय गेले. त्या काळच्या खुर्च्या अवजड असत, मोटारीत मावत नसत. त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांत्रिक अभियंते होते. दोघांनी मिळून १९३० च्या दशकात नळ्यांची, कात्रीसारखी मिटणारी खुर्ची बनवली आणि तिचा कारखाना काढला. खुर्चीला विजेची जोड मिळाली ती कॅनडात. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन हातापायांची ताकद गेलेल्या सैनिकांसाठी तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेतले अभियंते जॉर्ज क्लाइन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला विजेरी खुर्ची तयार केली. तिची दोन्ही चाके वेगवेगळ्या मोटारींनी फिरत. आजच्या खुर्च्यांतही हीच युक्ती आहे. डावे चाक थांबले आणि उजवे फिरले की खुर्ची डावीकडे वळते. वेगळ्या स्टिअरिंगची गरज पडत नाही.

आता या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा कार्बन फायबरचा सांगाडा, दोन लहान मोटारी, लिथियम बॅटरी आणि हाताशी असलेली छोटी दांडी, म्हणजे जॉयस्टिक. दांडी पुढे ढकलली की खुर्ची पुढे जाते. दांडी सोडली की मोटारीतला चुंबकीय ब्रेक आपोआप लागतो. वेग ताशी सुमारे ६ किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. दांडी डाव्या किंवा उजव्या कोणत्याही हाताला बसवता येते. लकव्याने एक बाजू गेलेल्यांनी हे घेतानाच सांगून करून घ्यावे.

पहिला प्रश्न : उचलणार कोण?

जाहिरातीत घडी दाखवतात, वजन बारीक अक्षरांत असते. कार्बन फायबरच्या हलक्या खुर्च्या १२ ते १५ किलोच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण २० ते ३० किलोच्या आणि लोखंडी सांगाड्याच्या, शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या जुन्या पद्धतीच्या खुर्च्या ४० किलोच्याही वर जातात. १५ किलोची खुर्ची एक माणूस रिक्षात टाकू शकतो. २७ किलोची उचलायला धट्टाकट्टा गडी लागतो आणि त्याचीही कंबर काही दिवसांनी तक्रार करते. ४० किलोची खुर्ची घडीची असली काय आणि नसली काय, ती जागची हलत नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर विक्रेत्याला घडी घालायला सांगू नये. घरात जो माणूस रोज ती उचलणार, मग ती बेगम असो, सून असो की शाळकरी मुलगा, त्यालाच सोबत न्यावे. त्याने घडी घालावी, बॅटरी काढावी, खुर्ची उचलून रिक्षाच्या मागच्या बाजूला ठेवून पाहावी. त्याला जमले तरच पुढचे बोलणे करावे. बॅटरी वेगळी काढता येत असेल तर उचलायचे वजन दोन-तीन किलोंनी कमी होते, हेही ध्यानात ठेवावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही खुर्ची जिना चढत नाही. मुंबईच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला लिफ्ट नसेल तर खुर्ची घेऊनही खाली येण्याचा प्रश्न तसाच राहतो. अशा घरांत काहीजण विजेरी खुर्ची तळमजल्यावर ओळखीच्या दुकानात ठेवतात आणि घरात वापरायला साधी स्वस्त खुर्ची घेतात. पण माणसाला जिन्यावरून उतरवायला दोन माणसे रोज लागणार असतील, तर आधी तळमजल्याची खोली भाड्याने मिळते का ते पाहावे. तो खर्च खुर्चीच्या आधी येतो.

दुकानाचा ओटा आणि फुटाचा हिशेब

आपल्या बाजारपेठांत दुकानाला ओटा असतो. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तो उंच बांधलेला असतो आणि व्हीलचेअरचा रस्ता अडवतो तोच. उताराचा मान्य नियम १ ला १२ असा आहे. म्हणजे १ इंच चढायला १२ इंच लांबीचा उतार हवा. ६ इंचांची एक पायरी असेल तर ६ फुटांचा उतार लागतो. तीन पायऱ्या मिळून १८ इंच झाल्या तर १८ फूट! एवढी जागा भेंडी बाजारात किंवा मालेगावच्या गल्लीत कुणाच्या दुकानापुढे असणार?

खुर्चीच्या कागदावर ‘८ अंशांपर्यंत चढते’ असे लिहिलेले असते. ८ अंश म्हणजे साधारण ७ फुटांना १ फूट. मोटार तेवढी चढेलही; परंतु उतार जितका उभा तितकी खुर्ची मागे कलंडण्याची भीती जास्त. म्हणून मागच्या बाजूची छोटी आधाराची चाके काढून टाकू नयेत, उतारावर तिरके जाऊ नये आणि मागे एक माणूस उभा ठेवावा. उंच ओट्याला उपाय दोनच. ओट्याचा काही भाग दुकानाच्या आतल्या बाजूने कापून उतार आत घ्यावा, किंवा गल्ला पुढे आणून मालकाची बैठक रस्त्याच्या पातळीवर करावी. एक-दोन पायऱ्या असतील तर काम सोपे आहे. चौकडीच्या नक्षीच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा, तीन फूट रुंदीचा, दोन्ही कडा दोन-दोन इंच उचललेला सुटा उतार कोणताही चांगला फॅब्रिकेटर करून देतो. सकाळी लावावा, आत गेल्यावर उचलून ठेवावा. फुटपाथवर पक्के बांधकाम केले असे म्हणायला महानगरपालिकेलाही जागा राहत नाही.

मोजमापे घेताना टेप सोबत असावा. या खुर्च्यांची बाहेरून रुंदी बहुधा २३ ते २५ इंच असते. घराचा मुख्य दरवाजा चालून जातो, अडते ते न्हाणीघराच्या दाराशी. जुन्या घरांत ते दार २४ इंचांचेच असते. खुर्ची जागच्या जागी वळवायला साधारण ५ फूट लांब-रुंद मोकळी जागा हवी. दुकानात कपाटांच्या मधली वाट मोजावी. नाहीतर मालक आत जाईल, पण बाहेर येताना त्याला पाठमोरे यावे लागेल.

बॅटरी : खुर्चीचा जीव

दोन खुर्च्या दिसायला सारख्या असतात, किमतीत वीस-पंचवीस हजारांचा फरक असतो. तो बहुधा बॅटरीत असतो. बॅटरीवर दोन आकडे लिहिलेले असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. त्यांचा गुणाकार केला की वॉट-अवर निघतात. २४ व्होल्ट गुणिले १२ म्हणजे २८८ वॉट-अवर. ७०-७५ किलोच्या माणसाला सपाट रस्त्यावर इतक्या विजेत १५ किलोमीटरच्या आसपास जाता येते. विक्रेता २० किलोमीटर म्हणाला तर आपण १३ धरावे. खड्डे, चढ, गर्दीतले थांबणे-निघणे आणि माणसाचे वजन, सगळे बॅटरी खातात. बॅटरी जुनी झाली की हा आकडा दरवर्षी खाली येतो. घर ते दुकान, दुपारी जेवायला घरी, पुन्हा दुकान, पुन्हा घर, असे चार वेळचे अंतर मोजून त्याच्या दुप्पट ताकदीची बॅटरी घ्यावी.

विजेचे बिल फारसे येत नाही. २८८ वॉट-अवर म्हणजे एक युनिटचा एक तृतीयांश भागही नाही. चार्जरमधली गळती धरली तरी एका भरणीला साडेतीन दशांश युनिट. १० रुपये युनिट धरले तर रोजचे साडेतीन रुपये.

लिथियम बॅटरी काळजी मागते. तिच्यासोबत आलेलाच चार्जर वापरावा. ई-रिक्षाचा किंवा स्कूटरचा लावू नये. चार-सहा तासांत ती भरते, तेव्हा रात्रभर सगळे झोपलेले असताना ती लावून ठेवू नये. कापसाच्या गाठी, रेक्झिन, थिनर किंवा कापडाचे तागे यांच्याजवळ आणि बाहेर पडण्याच्या दारातही तिला लावू नये. आग लागलीच तर रस्ता तेथेच बंद होतो, आणि खुर्चीवरच्या माणसाला दुसरा रस्ता नसतो. बॅटरी फुगली, तापली किंवा आपटली गेली तर वापरणे ताबडतोब थांबवावे.

विमानाने जाणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब. उमऱ्याला किंवा आखातातल्या मुलाकडे निघालेले अनेक बुजुर्ग आता स्वतःची खुर्ची नेतात. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांप्रमाणे घडीच्या खुर्चीतून काढता येणारी लिथियम बॅटरी एक असेल तर ३०० वॉट-अवरपर्यंत, आणि दोन असतील तर प्रत्येकी १६० वॉट-अवरपर्यंत चालते. बॅटरी काढून तिची टोके झाकून ती प्रवाशाबरोबर केबिनमध्ये न्यायची असते, खुर्ची सामानात जाते आणि विमान कंपनीची संमती आधी घ्यावी लागते. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवरची एक बॅटरी २८८ भरते, ती चालते. ६ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या प्रत्येकी १४४ भरतात, त्याही चालतात. परंतु २० अँपिअर-अवरची एकच बॅटरी ४८० भरते. ती विमानतळावर अडते. ज्याला विमानाने जायचे आहे त्याने खरेदीच्या दिवशीच हा गुणाकार करावा.

रस्ता, पाऊस आणि ब्रेक

आपले रस्ते या खुर्चीच्या कारखान्यात कुणी पाहिलेले नसतात. पुढची चाके ७-८ इंचांची असतात. गटाराच्या जाळीत, तुटक्या फरशीत आणि खडीत ती अडकतात. पुढचे चाक जितके मोठे तितके आपल्याकडे बरे. भरीव टायर पंक्चर होत नाहीत, पण धक्के कमरेपर्यंत पोहोचवतात. हवेचे टायर मऊ चालतात, पण पंक्चर काढावे लागते. ज्याच्या गल्लीत सायकलवाला आहे त्याने हवेचे घ्यायला हरकत नाही.

पावसाळ्यात दांडीवर प्लास्टिकचे टोपण हवे. बहुतेक खुर्च्या शिंतोडे सहन करतात, पण साचलेल्या पाण्यात मोटार बुडाली तर ती दुरुस्तीलाच जाते. जुलैत भिवंडीत किंवा कुर्ल्यात पाणी तुंबते तेव्हा खुर्ची घरीच ठेवणे शहाणपणाचे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोटारीजवळची क्लचची कळ. बॅटरी संपली तर खुर्ची ढकलता यावी म्हणून ती कळ फिरवून चाके मोकळी करता येतात. पण चाके मोकळी झाली की चुंबकीय ब्रेकही सुटतो. उतारावर कुणी मदत करायच्या भरात ती कळ फिरवली तर खुर्ची माणसासकट खाली जाते. घरातल्या प्रत्येकाला आणि दुकानातल्या पोऱ्यालाही ही कळ दाखवून ठेवावी, आणि उतारावर तिला हात लावायचा नाही हे बजावावे.

गाड्यांचे काय? मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांसाठी वेगळा डबा असतो, पण फलाट आणि डबा यांतली फट व उंचीचा फरक यांमुळे २५ किलोची खुर्ची मदतीशिवाय आत जात नाही. मेट्रोचे तसे नाही. तेथे लिफ्ट आहे आणि गाडीचा दरवाजा फलाटाच्या पातळीवर आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. तिच्यावर धारावी, दादर, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड, काळबादेवी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अशी स्थानके आहेत. धारावीतल्या चामड्याच्या कारागिराला काळबादेवीच्या बाजारात जायला कुणाच्या खांद्याची गरज पडू नये, असा निदान भुयारातला रस्ता तरी तयार झाला आहे. स्थानकाबाहेरच्या फुटपाथाचे मात्र तसे म्हणता येत नाही. त्यासाठी व्यापारी संघटनांनी महानगरपालिकेकडे बोलले पाहिजे.

शरीराचे भान

खुर्ची घेण्याआधी अस्थितज्ज्ञ किंवा पुनर्वसन विभागातल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांना कमरेखाली संवेदना नाहीत, त्यांना घडीच्या खुर्चीची पातळ गादी घातक ठरते. तासन्‌तास एका जागी बसून कातडी दबते, रक्त पोहोचत नाही आणि जखम होते. दुखत नसल्याने ती कळत नाही. मधुमेह असेल तर भरत नाही. अशांनी जखम टाळणारी वेगळी गादी घ्यावी, दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा बाजूला झुकून अंग हलके करावे आणि रोज रात्री घरच्यांकडून कातडी तपासून घ्यावी. दृष्टी अधू असलेल्यांनी किंवा फिट येणाऱ्यांनी ही खुर्ची एकट्याने चालवू नये. ज्याला थोडेफार चालता येते त्याने खुर्ची आली म्हणून चालणे सोडू नये. जेवढे चालता येते तेवढे घरात चालावे आणि लांबच्या अंतराला खुर्ची घ्यावी.

पैशाचा हिशेब

घडीच्या विजेरी खुर्च्यांची किंमत साधारण ५० हजारांपासून दीड लाखापर्यंत आणि कार्बन फायबरची असेल तर त्याहूनही पुढे जाते. समजा, ८० हजारांची खुर्ची पाच वर्षे चालली, तर महिन्याला १,३३३ रुपये पडले. मध्ये एकदा १५ हजारांची बॅटरी बदलली, तर महिन्याला २५०. टायर, बेअरिंग आणि किरकोळ दुरुस्तीला वर्षाचे ३ हजार धरले, तर आणखी २५०. महिन्याचे २६ दिवस चार्ज केली तर विजेचे सुमारे ९०. एकूण महिना १,९२५ रुपयांच्या आसपास. तोच माणूस रिक्षाने रोज १०० रुपये खर्च करून जात असेल तर महिन्याचे २,६०० होतात. म्हणजे बचत आहे, पण ती पाहून कुणी हुरळून जाऊ नये. खरा नफा दुसरीकडे आहे. रिक्षावाला कधी येतो, उचलून बसवायला भाचा कधी मोकळा होतो, यावर दुकान उघडण्याची वेळ ठरत नाही. नऊ वाजता कुलूप काढायचे असेल तर नऊ वाजता निघता येते. धंद्यात वेळ पाळणाऱ्याची पत राहते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

खरेदी पक्क्या बिलानेच करावी. २०१७ साली जीएसटी आला तेव्हापासून अपंगांच्या व्हीलचेअरला ५ टक्क्यांच्या दरात ठेवले गेले. दुकानदार त्याहून जास्त कर लावत असेल तर विचारावे. बिलावर खुर्चीचा आणि बॅटरीचा क्रमांक, तसेच दोन्हींच्या हमीची मुदत वेगवेगळी लिहून घ्यावी. ‘दोन वर्षांची गॅरंटी’ म्हणजे सांगाड्याची दोन वर्षे आणि बॅटरीची सहा महिने, असे नंतर निघते. सुटे भाग कोणत्या शहरात मिळतात आणि कंट्रोलर बिघडला तर खुर्ची किती दिवस अडकून राहील, हेही विचारावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. दिल्लीच्या विक्रेत्याकडून मागवलेल्या वस्तूसाठी दिल्लीला जावे लागत नाही. मात्र बिल नसेल तर खरेदी सिद्ध करणे कठीण जाते.

सरकारी मदत हवी असेल तर पहिली पायरी म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे यूडीआयडी ओळखपत्र. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना बहुतेक सवलती लागू होतात. केंद्र सरकारची साधने पुरवण्याची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. कानपूरचा अ‍ॅलिम्को हा १९७२ साली स्थापन झालेला सरकारी कारखाना तिच्यासाठी साधने बनवतो आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे होतात. शिबिरात मिळणारे साधन बहुधा घडीची हलकी खुर्ची नसते, पण मोटारीची तीनचाकी सायकल मिळाली तरी रस्त्यावरचे अंतर तुटते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते आहे. नगरपालिका, महानगरपालिका व ग्रामपंचायतींना आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग अपंगांसाठी खर्च करायचा असतो. वॉर्डाच्या नगरसेवकाला हा निधी यंदा कशावर खर्च झाला, एवढा एक प्रश्न विचारला तरी बरेचदा मार्ग निघतो.

प्राप्तिकर भरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी १९६१ च्या कायद्यातील कलम ८०यू प्रमाणे स्वतः अपंग असलेल्याला ७५ हजार आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाला १ लाख २५ हजारांची वजावट ठरवलेली आहे. अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी ८०डीडी खाली तेवढीच. जुनी करपद्धती निवडणाऱ्यालाच ती मिळते. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा आपल्या कर सल्लागाराकडून खात्री करून घ्यावी.

कारागिरांसाठी एक नवे काम

या खुर्च्या विकणारे पुष्कळ झाले, दुरुस्त करणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खुर्ची बंद पडली की ती महिना-महिना कंपनीत पडून राहते आणि माणूस पुन्हा घरात बसतो. येथे आमच्या कारागिरांना वाव आहे. ज्याला ई-रिक्षा किंवा ई-स्कूटरचे काम येते त्याला या खुर्चीतले निम्मे आधीच येते. मोटारीचे ब्रश, सैल झालेले कनेक्टर, झिजलेले बेअरिंग, चिकटलेला ब्रेक, ही रोजची दुखणी. दांडीवर दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, त्यावरून बिघाड कोठे आहे ते कळते. त्याचा तक्ता खुर्चीच्या पुस्तिकेत असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याला आर्गॉनचे वेल्डिंग लागते, ते येणाऱ्यानेच करावे. बॅटरीचे सेल उघडण्याचे काम मात्र शिक्षण आणि साहित्य असल्याशिवाय कुणी अंगावर घेऊ नये. तेथे अंदाज चालत नाही.

रेक्झिनवाल्यांना गादी आणि खोळीचे, सुतार व फॅब्रिकेटरांना उतारांचे, सायकलवाल्यांना टायरचे काम आहे. ज्याच्याकडे थोडे भांडवल आहे त्याने दोन-तीन खुर्च्या घेऊन भाड्याने द्याव्यात. शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांपुरती खुर्ची लागणाऱ्यांना ८० हजारांची खरेदी परवडत नाही, भाडे परवडते. जमातींनी आणि पतपेढ्यांनी अशा दोन खुर्च्या ठेवल्या तर घेण्यापूर्वी आठवडाभर वापरून पाहण्याची सोयही होईल. आमच्या मते खुर्ची निवडण्याची याहून चांगली रीत नाही. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच खुर्च्या छान चालतात. आपल्या गल्लीत, आपल्या ओट्यावर, सायंकाळच्या गर्दीत ती कशी चालते हे पाहूनच पैसे मोजावेत.

घरच्यांना दोन शब्द

खुर्ची आली की घरात नवी भीती शिरते. रस्त्यावर गाडीने उडवले तर? पडला तर? मग चार्जर कपाटात जातो, ‘आज नको, उद्या कुणी सोबत असेल तेव्हा जा’ असे सुरू होते आणि महागडी खुर्ची पलंगाशेजारी टॉवेल वाळवायच्या कामी येते. भीती खोटी नाही. म्हणून पहिले पंधरा दिवस सोबत चालावे, खुर्चीच्या मागे चमकणारी पट्टी आणि दिवा लावावा, वेग कमी ठेवावा, रस्ता ठरवून घ्यावा. त्यानंतर मात्र मागे राहावे. ज्याने तीस वर्षे दुकान चालवले त्याला चौक कसा ओलांडायचा हे शिकवावे लागत नाही.

दांडी कुणाच्या हाती आहे यावरच या खुर्चीचे मोल ठरते. मागून ढकलायचे असेल तर सात-आठ हजारांची साधी खुर्ची पुरते. जास्तीचे पैसे आपण मोजतो ते माणसाने आपल्या मर्जीने निघावे, आपल्या मर्जीने थांबावे, घाऊक बाजारात स्वतः जाऊन दर पाडून घ्यावा आणि रात्री गल्ला स्वतः मोजावा यासाठी. तेवढे होत असेल तर सौदा स्वस्त समजावा.